ब्रेक दाबला की बंद पडणारा डॅशकॅम

मोटरसायकलवरचा दोन कॅमेऱ्यांचा डॅशकॅम, म्हणजे गाडी चालताना सतत चित्रण करणारं यंत्र. पुढचा कॅमेरा हेडलाइटखाली, मागचा नंबरप्लेटच्या वर, चित्रण साठवणारा डीव्हीआरचा डबा सीटखाली, हँडलवर बटण आणि टाकीजवळ जीपीएसचा छोटा तुकडा. तक्रारी तीन होत्या. रेकॉर्डिंग मध्येच तुटतं आणि तुटण्याआधीची शेवटची फाइल उघडत नाही. मागे कोणी बसलं की मागच्या कॅमेऱ्याच्या जागी नुसता निळा पडदा दिसतो. आणि कार्डात दहा तासांचं चित्रण मावायला हवं, तिथे जेमतेम सव्वा तासाचं सापडतं.

तिन्ही तक्रारी एकाच यंत्राच्या असल्या की डबाच गेला असं वाटतं आणि नवा डबा मागवला जातो. इथे तिन्हींची कारणं वेगवेगळी निघाली आणि त्यातलं एकही डब्याचा बिघाड नव्हतं. नवा डबा लावला असता तर तो पहिल्याच दिवशी तसाच वागला असता.

पाना हातात घेण्याआधी कार्ड काढलं आणि त्यातलं सगळं संगणकावर उतरवून घेतलं. हे सर्वात आधी करायचं, कारण पुढे कार्ड पुसावं लागतं आणि पुसलं की पुरावाही जातो. बहुतेक डॅशकॅमच्या फाइलींच्या नावातच तारीख आणि सेकंदापर्यंतची वेळ असते. एक-एक मिनिटाच्या फाइली नावानुसार लावल्या की सलग साखळी दिसते. ती जिथे तुटते तिथे कॅमेरा बंद पडून पुन्हा उठलेला असतो. एका फेरीत अशी सात भोकं होती. भोकाच्या अलीकडची फाइल आकाराने बऱ्यापैकी मोठी, पण कुठल्याच प्लेअरमध्ये उघडत नव्हती.

न उघडण्याचं कारण एमपी४च्या घडणीत आहे. कुठली फ्रेम फाइलीत नेमकी कुठे आहे याची अनुक्रमणिका साधारणपणे फाइल बंद करताना, शेवटी लिहिली जाते. त्याआधीच वीज गेली तर चित्रं कार्डावर असतात, पण त्यांचा पत्ता कुणालाच ठाऊक नसतो. (काही डीव्हीआरमध्ये एमपी४ऐवजी टीएस हा प्रकार निवडता येतो. ती फाइल मध्येच तुटली तरी तुटलेल्या जागेपर्यंत चालते. सोय असेल तर तोच निवडावा.) अशी फाइल दुरुस्त करायला ‘अनट्रंक’ नावाचं मोफत साधन आहे. त्याला त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगमधली एक धडधाकट फाइल नमुना म्हणून द्यावी लागते. सातपैकी पाच फाइली अशा उघडल्या.

त्या पाचही फाइलींच्या शेवटच्या सेकंदांत चित्राखालच्या पट्टीवर वेग शून्य होता आणि आवाजात इंजिन मंद चालू होतं. या एका निरीक्षणाने अर्धं काम हलकं झालं. खड्ड्यांमुळे होणारा लूज काँटॅक्ट असता तर गाडी पळत असताना तुटलं असतं. सेल्फ मारताना बॅटरी दबून कॅमेरा बंद पडतो, हा नेहमीचा प्रकार असता तर आवाजात सेल्फ ऐकू आला असता. इथे गाडी उभी, इंजिन चालू, आणि कॅमेरा मरतो.

मग डबा, दोन्ही कॅमेरे, बटण आणि जीपीएस गाडीवरून उतरवून टेबलावर जोडले. १२ व्होल्ट, २ अँपिअरचा अडॅप्टर पुरतो, मात्र त्याचा प्लस-मायनस मल्टिमीटरवर पाहूनच जोडायचा. डब्याकडे जाणाऱ्या तीन वायरी असतात. काळी अर्थ (बॅटरीच्या मायनसकडे परतीची वाट), पिवळी बॅटरीचा कायमचा प्लस आणि लाल चावीनंतरचा प्लस. बहुतेक डब्यांत खरी वीज पिवळीतून जाते. लाल वायर फक्त ‘चावी चालू आहे’ एवढा निरोप देते. म्हणून टेबलावर लाल आणि पिवळी दोन्ही प्लसला जोडायच्या. नुसती लाल जोडून ‘चालत नाही’ असा निकाल दिलेले डबे पुष्कळ सापडतील. दोन तास सगळं एकदाही न तुटता चाललं. कप्लर (वायरींचे जोड) हलवून, वायरी वाकवून पाहिल्या, तरीही चाललं. डबा आणि कॅमेरे निर्दोष सुटले. आता संशय गाडीच्या वायरिंगवर.

गाडीवर परत जोडून मोजमाप सुरू केलं. बॅटरीच्या टोकांवर, चावी बंद असताना, १२.६ व्होल्ट. शिशाच्या बॅटरीसाठी हे चांगलं. रात्रभर उभ्या गाडीत १२.४च्या खाली दिसलं तर आधी बॅटरी चार्ज करावी आणि मगच पुढचं मोजावं. सेल्फ मारताना १०.४, म्हणजे तीही परीक्षा पास, ९.६च्या खाली जात असेल तर बॅटरी थकलेली. हेडलाइट चालू ठेवून मंद इंजिनावर १२.७ आणि एक्सिलेटर जरा वाढवल्यावर १३.९. लहान गाड्यांत मंद इंजिनावर चार्जिंग असंच जेमतेम असतं, त्यात दोष नाही.

हेच डब्याच्या तोंडाशी, पिवळी आणि काळी यांच्यात मोजलं तर मंद इंजिनावर १२.४. मधले ०.३ व्होल्ट कुठे गेले? मग ब्रेक दाबला. आकडा ११.७ वर आला आणि दहा-बारा सेकंदांनी डबा बंद. ब्रेक सोडला, आकडा वर गेला, डबा पुन्हा चालू.

डब्याच्या पॉवर केबलमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी कटऑफ असतो, म्हणजे व्होल्ट ठरावीक आकड्याखाली गेले की तो वीज तोडतो. इथे तो १२.० वर ठेवलेला होता. ब्रेक धरून उभं राहिलं की डब्याला ११.७ व्होल्ट दिसत होते. बॅटरी उतरली असं समजून तो शिस्तीत झोपी जात होता. गाडी निघाली की १३.९मधून तेवढेच वजा होऊनही १२.९ उरत, म्हणून धावताना कधीच तक्रार नव्हती.

इथे सोपी पळवाट दिसते, ती म्हणजे कटऑफ ११.६ वर आणायचा. कॅमेरा चालायला लागतो, पण दोष तसाच राहतो आणि पावसाळ्यानंतर पुन्हा उगवतो.

व्होल्ट कुठे गळतात हे शोधायची पद्धत अशी. मीटर डीसी व्होल्टवर. काळा प्रोब बॅटरीच्या मायनसच्या खांबावर कायम धरायचा, क्लँपवर नाही, खांबाच्या शिशावरच. लाल प्रोब अर्थच्या वाटेवर पुढे-पुढे सरकवायचा. डबा चालू आणि ब्रेक दाबलेला हवा, कारण करंट वाहत नसेल तर गळती दिसतच नाही. याच कारणाने नुसता कंटिन्युइटीचा (वायर जोडलेली आहे एवढंच सांगणारा) ‘टीं’ ऐकून समाधान मानण्यात अर्थ नाही; ज्या वायरीची एकच तार शिल्लक आहे तीही ‘टीं’ म्हणते.

डब्याची काळी वायर बसवणाऱ्याने टेललाइटच्या अर्थला जोडली होती. तिथे १.०३ व्होल्ट. कप्लरच्या पलीकडे ०.९८. ती वायर जिथे चेसिसला बोल्टने धरली आहे त्या लगवर (वायरीच्या टोकाची धातूची कडी) ०.९५. बोल्ट ज्या चेसिसमध्ये रुतला आहे, त्या चेसिसचं उघडं लोखंड खरवडून तिथे प्रोब टेकवला तर ०.०६. म्हणजे लग आणि चेसिस यांच्या मधल्या कागदाएवढ्या जाडीत ०.८९ व्होल्ट. बोल्ट काढल्यावर लगखाली रंगाचा थर आणि तपकिरी गंज दिसला.

हिशोब करून पाहिला, कारण आकडे जुळले तरच निदान खरं. डबा साधारण ०.४ अँपिअर घेतो. टेललाइटचा बल्ब २१/५ वॅटचा. त्यातला ५ वॅटचा तंतू ०.४२ अँपिअर आणि ब्रेकचा २१ वॅटचा १.७५ अँपिअर. ब्रेक न दाबता ०.८२ अँपिअर आणि दाबल्यावर २.५७ अँपिअर याच अर्थमधून जातात. एकूण रोध ०.४ ओहम धरला तर पहिल्या वेळी ०.३३ आणि दुसऱ्या वेळी १.०३ व्होल्ट गळायला हवेत. मीटर तेच सांगत होता. डब्याचा स्वतःचा करंट यात थोडाच होता. शेजारच्या ब्रेकलाइटचा करंट त्याला खाली ओढत होता. याच जागी एलईडी टेललाइट असती तर हा दोष कदाचित कधी दिसलाच नसता.

बोल्टभोवतीचा रंग पॉलिश पेपरने घासून लोखंड उघडं केलं, लग बदलली, दातेरी वॉशर घालून आवळलं आणि वरून ग्रीसचा हात फिरवला. टेललाइटच्या अर्थवरची गळती ०.०९वर आली. तरीही डब्याची काळी वायर तिथून काढून थेट बॅटरीच्या मायनसला नेली. ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर, लांबी दीड मीटर, गळती ०.०२ व्होल्ट. ज्या यंत्राला व्होल्ट मोजून निर्णय घ्यायचा आहे, त्याची अर्थ दिव्यांशी वाटून घेऊ नये.

पिवळी वायर बॅटरीच्या प्लसवरून आणि टोकापासून वीतभर अंतराच्या आत २ अँपिअरचा फ्यूज. फ्यूज डब्याजवळ लावला तर मधली सगळी वायर बेवारस राहते. ती कुठे घासून चेसिसला लागली तर वितळण्यापासून तिला कोणी वाचवत नाही. लाल वायर टेललाइटच्या प्लसवर ठेवली, पण तीन गोष्टी पाहून. चावी चालू केल्यावर १२ आणि बंद केल्यावर शून्य येतो का, सेल्फ मारताना तो प्लस गायब होतो का, आणि मीटर एसीवर ठेवला तर काही आकडा दिसतो का. काही लहान गाड्यांत हेडलाइट आणि कधी टेललाइटसुद्धा बॅटरीवर नसून थेट मॅग्नेटच्या (इंजिनावरच्या वीज बनवणाऱ्या भागाच्या) एसीवर चालतात. तिथून वीज घेतली की डब्याचा कन्व्हर्टर जातो. काही एलईडी टेललाइट मंद दिसण्यासाठी वीज भरभर चालू-बंद करतात. तिथून निरोप घेतला तर डबा गोंधळतो. आधीचा जोड वायरीवर दाबून बसवायच्या निळ्या चिमट्याचा होता. असा चिमटा वायरीच्या काही तारा कापू शकतो आणि उरलेल्या ओलाव्याने हिरव्या पडतात. तो काढून जोड क्रिम्प केला, म्हणजे धातूच्या नळीत दाबून पक्का केला, आणि वरून आत गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी हीट श्रिंक चढवली.

शेवटच्या फाइलीचा प्रश्न यातच सुटला. डब्यात बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारा भाग, आहे. वीज गेल्यावर फाइल बंद करण्यापुरते काही सेकंद तो देतो. पण तो रिकामा झाला की भरायला वेळ लागतो. सिग्नलला दर मिनिट-दोन मिनिटांनी झोपून उठणाऱ्या डब्यात तो कधी नीट भरलाच नव्हता. उन्हात तापणाऱ्या मोटरसायकलवर लिथियम बॅटरीपेक्षा सुपरकपॅसिटर केव्हाही बरा, पण त्याला स्थिर वीज लागते.

आता मागचं चित्र. इथे सर्वात स्वस्त चाचणी अदलाबदलीची. पुढचा आणि मागचा कॅमेरा एकाच जातीचा असेल तर डब्यावरची दोन तोंडं आपसांत बदलायची. निळा पडदा तोंडाबरोबर राहिला तर डबा दोषी, कॅमेऱ्याबरोबर गेला तर कॅमेरा किंवा केबल. तो केबलबरोबर गेला. मागे माणूस बसला की जातं म्हणजे सीटखाली काहीतरी दबतं, हे उघड होतं. सीट काढून तिच्या तळाला खडू फासला, पुन्हा बसवली, वरून जोर दिला आणि काढली. केबलवर एका रबरी पायाजवळ खडूचा पांढरा पट्टा उमटला. त्या जागी बाहेरचं आवरण चपटं झालेलं आणि आतली एक तार तुटलेली.

मधोमध कापून जोडायचा मोह इथे होतो. या केबलमधून कॅमेऱ्याची वीज आणि चित्राचा अॅनालॉग सिग्नल दोन्ही जातात आणि सिग्नलभोवती जाळीचं आवरण असतं. हाताने मारलेल्या जोडात ती जाळी नीट जुळत नाही. चित्र येतं, पण भुताटकीसारख्या सावल्यांसह. पूर्ण केबलच बदलली. कप्लर जोडताना आतली खाच आणि बाहेरचा बाण जुळवून सरळ ढकलायचं, मग चूडी फिरवायची. आधी फिरवलं की बारीक पिना वाकतात. रबरी रिंग जागेवर आहे ना ते पाहायचं, आणि कप्लरच्या आधी केबलला खाली झोळ द्यायचा, म्हणजे वाहत आलेलं पाणी कप्लरमध्ये न शिरता तिथून टपकतं. हँडलच्या टीजवळून जाणाऱ्या वायरींनाही हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ढील पाहूनच झिप टाय लावायचे.

नवी केबल टाकल्यावर मागच्या चित्रात एक नवीनच गोष्ट दिसली. एक्सिलेटर दिला की बारीक तिरक्या रेघा धावायच्या आणि आरपीएमबरोबर त्यांचा वेग वाढायचा. चित्र डिजिटल असतं तर ठोकळे पडले असते किंवा ते गोठलं असतं. रेघा म्हणजे अॅनालॉग सिग्नलमध्ये शिरलेला स्पार्कचा गोंगाट. नवी केबल टाकीखालून, इग्निशन कॉइलला खेटून गेली होती. ती चेसिसच्या दुसऱ्या बाजूने नेली आणि डब्याजवळ फेराइटच्या (गोंगाट शोषणाऱ्या चुंबकीय पदार्थाच्या) चिमट्यात तीन वेढे दिले. नव्वद टक्के काम जागा बदलल्याने झालं, फेराइटने उरलेलं. तरीही रेघा राहिल्या असत्या तर प्लग आणि प्लगची टोपी रोधवाली आहे का ते पाहावं लागलं असतं. साध्या प्लगवर साधी टोपी असेल तर गोंगाट फार.

कार्डाचं कोडं गाडीला हात न लावता सुटलं. पुढचा कॅमेरा सेकंदाला १६ मेगाबिट आणि मागचा १२ लिहितो. मिळून २८ मेगाबिट म्हणजे ३.५ मेगाबाइट, तासाला १२.६ जीबी. १२८ जीबीच्या कार्डात, जे संगणक ११९ दाखवतो (फरक मोजणीच्या पद्धतीचा, जागा तेवढीच), दहा तास मावतात. पण कार्डातल्या ‘लॉक’ फोल्डरने ११९पैकी १०४ जीबी व्यापले होते. धक्का ओळखणारा जी-सेन्सर बहुतेक वेळा कारच्या हिशोबाने बनवलेला असतो. मोटरसायकलवर इंजिनाची थरथर, गतिरोधक, साइड स्टँड काढताना बसणारा हिसका, हे सगळं त्याला अपघात वाटतं आणि तो फाइलीला कुलूप लावतो. कुलूपबंद फाइलींवर नवं चित्रण लिहिलं जात नाही, म्हणून उरलेल्या १५ जीबीतच सगळं फिरत होतं. जी-सेन्सर बंद केला. ‘मध्यम’वरून ‘कमी’वर आणूनही रोज काही फाइली अडकत होत्याच, हँडलवरच्या बटणाने हवी ती फाइल स्वतः कुलूपबंद करणं जास्त भरवशाचं.

सगळं उतरवून घेतलं होतं, म्हणून त्याच कार्डाची परीक्षाही घेतली. विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’, लिनक्स-मॅकवर ‘एफ३’. रिकामं कार्ड काठोकाठ भरून परत वाचलं जातं, त्यामुळे वेष्टनावर १२८ लिहून आत ३२ असलेली बनावट कार्डं लगेच उघडी पडतात. कार्ड खरं निघालं. वेगाबद्दल एक सांगायला हवं. कार्डावरचं व्ही३० म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट, आणि इथे लागतात ३.५. त्याहून महाग, वेगवान कार्डाने काहीच मिळत नाही. ए१-ए२ ही चिन्हं मोबाइलमधल्या अॅपसाठी आहेत. डॅशकॅमला हवं ते ‘हाय एन्ड्युरन्स’, म्हणजे सतत लिहिणं सोसणारं कार्ड, कारण हे कार्ड आयुष्यभर फक्त लिहिण्याचंच काम करतं. फॉरमॅट डब्याच्या मेनूतूनच करायचा. संगणकाने केलेला प्रकार सगळ्या डब्यांना रुचत नाही.

जीपीएस टाकीच्या पुढच्या पत्र्याखाली दडवला होता. त्याला आकाश दिसलं पाहिजे. प्लास्टिक चालतं, पत्रा चालत नाही. जागा बदलल्यावर साधारण मिनिटभरात उपग्रह सापडायला लागले. त्याहून फार लवकर होण्याची अपेक्षा ठेवू नये, कारण प्रत्येक उपग्रहाला आपल्या कक्षेची माहिती एकदा पूर्ण सांगायलाच ३० सेकंद लागतात. फाइलींची वेळ ठराविक तासांनी चुकत असेल तर टाइम झोन पाहायचा. तारीख दरवेळी काही वर्षं मागे जात असेल तर आतल्या घड्याळाची बॅटरी संपलेली.

पार्किंग मोडचा, म्हणजे गाडी उभी असतानाही चालू राहणाऱ्या चित्रणाचा, करंटही मोजला. चावी बंद, बॅटरीचा मायनस सोडवून मीटर १० अँपिअरच्या तोंडावर मध्ये जोडला. अशा वेळी चुकूनही सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो. पार्किंग मोडमध्ये ०.२२ अँपिअर, डबा पूर्ण झोपल्यावर ३ मिलिअँपिअर. ५ अँपिअर-तासांची बॅटरी पार्किंग मोडने अकरा-साडेअकरा तासांत अर्धी होते. कटऑफ बॅटरीला पूर्ण मरू देत नाही, पण रोज अर्धी उतरणारी शिशाची बॅटरी फार काळ टिकतही नाही. लहान गाडीवर पार्किंग मोड बंदच बरा. तो बंद केला.

मग कसोटी. मंद इंजिन, हेडलाइट, ब्रेक आणि इंडिकेटर सगळं चालू ठेवून पाच मिनिटं. डब्याच्या तोंडाशी १२.५च्या खाली आकडा गेला नाही. दहा मिनिटं चालवून सुपरकपॅसिटर भरू दिला आणि चित्रण चालू असताना फ्यूज ओढला, असं पाच वेळा. पाचही वेळा शेवटची फाइल उघडली. सीटवर वजन ठेवून, मोबाइलवर मागचं चित्र लावून गाडी हलवली. इथे मोबाइलचा डेटा आधी बंद करावा लागतो, नाहीतर डब्याच्या वायफायला इंटरनेट नाही म्हणून मोबाइल परस्पर ते सोडून देतो आणि दोष पुन्हा डब्याच्या माथी येतो. शेवटी ९६ मिनिटांची फेरी, पुढच्या ९६ फाइली, मागच्या ९६, मध्ये एकही भोक नाही.

एक गोष्ट राहिली आहे. मागच्या कॅमेऱ्याच्या काचेच्या आत गार सकाळी धुकं धरतं आणि अर्ध्या तासाने जातं. आत ओलावा शिरलाय. चार दिवस सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात ठेवून उपयोग झाला तर ठीक, नाहीतर पुढची रिंग उघडून सील बदलावं लागेल.